पोटमाळ्यावरचे रुमाल रद्दीत घालू नका : इंदापूर तालुक्यातल्या घराघरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई आली की जुन्या ट्रंका खाली उतरतात आणि त्यांतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, रद्दीवाल्याच्या काट्यावर जातात. कुणाला मोडी वाचता येत नाही, कडा वाळवीने खाल्लेल्या असतात, मग ठेवायचे कशाला? कशाला, तेच सांगण्यासाठी वाचनालयाच्या इतिहास समितीचे हे पत्र.

आपल्या तालुक्यात इतिहासाचा विषय निघाला की मालोजीराजांवर भाषणे होतात. व्हायलाच हवीत. पण अख्ख्या मुंबई इलाख्याची जमीनमोजणी ज्या पद्धतीने झाली, तिची सुरुवात आपल्या इंदापुरात झाली, हे किती जणांना माहीत आहे? प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या आधीच्या पाहणीतून बसलेला सारा कुणब्यांना झेपला नाही. जमिनी पडीक पडल्या, माणसे गाव सोडून गेली. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे नव्याने काम हाती घेतले. १८३६ पासून कमी केलेला सारा तीस वर्षांसाठी ठरवून दिला आणि पुढे हीच रीत इलाखाभर गेली. आज तुमच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, त्याच्या मुळाशी जुना सर्व्हे नंबर आहे.

मोजणी खात्यातले एखादे जुने टिपण पाहिले आहे का? शेताची हाताने काढलेली आकृती. ती प्रमाणात नसते. मधून एक रेघ, तिच्यापासून दोन्ही बाजूंच्या बांधांपर्यंतची अंतरे, साखळी आणि आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. एवढ्याशा कागदावरून आजही बांध उभा करता येतो.

सरकारी दप्तर सरकार सांभाळते, बरेचसे स्कॅनही झाले आहे. आमची काळजी घरातल्या कागदांची आहे. दप्तरात नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे सारा) आणि खातेदाराचे नाव मिळते. ती जमीन गहाण का पडली, दुष्काळात कुणी सोडवली, विहिरीतला वाटा कुणाला कसा गेला, हे तुमच्या वाटणीपत्रात, गहाणखतात, वतनाच्या कागदात असते. त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेही नसते.

उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे तर फारच अवघड आहे. पाणी अगदी खाली गेले की जुन्या पळसदेवचे देऊळ उघडे पडते, लोक फोटो काढायला जातात. पण देवळाच्या आसपास कुणाचे वाडे होते, कोणत्या शिवाराला काय म्हणत, पाणंद कुठून जायची, हे सांगणारी माणसे आता थकली आहेत. भूसंपादनाच्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, पुनर्वसनाचे अर्ज जपून ठेवलेल्या घरांनी कृपा करून आमच्याशी बोलावे. गावनकाशा समोर ठेवून आजोबा-आजींना दोन तास बोलते करायचे, एवढेच आम्हाला हवे आहे.

कागद बाहेर काढायला आपली माणसे बिचकतात, हेही आम्ही जाणून आहोत. शेजारच्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी लोकांनी सावकारांची कर्जखतेच जाळली. कागदाने घर बुडते, हा अनुभव या भागात जुना आहे. त्यात भाऊबंदकी! म्हणून स्पष्ट सांगतो: मूळ कागद तुमचाच राहील. तुमच्यासमोर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ. तुमच्या लेखी परवानगीशिवाय प्रत कुणालाही मिळणार नाही, चुलत्यालासुद्धा नाही. बांधाच्या भांडणात समिती मत देणार नाही, साक्षही देणार नाही. त्यासाठी मोजणीचा अर्ज भरावा.

पैशाचेही बोलायला हवे. कागद न दाबता वरून टिपणारा स्कॅनर, आम्ल नसलेल्या कागदाची पाकिटे आणि मोडी वाचणाऱ्यांचे मानधन, असा खर्च आहे. देणगी लहान असली तरी पावती मिळेल आणि हिशेब दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या फलकावर लागेल. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या इंदापूरकरांनी यात हात सैल सोडावा, ही विनंती. पैसे देणे जमत नसेल त्यांनी वेळ द्यावा. पुराभिलेख खात्याचा मोडी वर्ग केलेले कुणी असतील तर आम्हाला फार हवे आहेत; शिकायची इच्छा असलेली मुले आमच्याकडे आहेत, शिकवणारे नाहीत.

रविवारी सकाळी वाचनालय उघडे असते, तेव्हा कागद घेऊन या. रुमाल जसा बांधला आहे तसाच आणा. उन्हात वाळवू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी निरोप द्यावा, आम्ही घरी येऊ.

आपले,
इतिहास समिती, सार्वजनिक वाचनालय