कपाटातला रिपोर्ट

नायगाव, मुंबई
रविवार सकाळ

चि. वैशालीस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर आवाज माझाच चढला. "अण्णा, माझं कपाट कशाला उघडलंत?" म्हणून तू फोन ठेवलास, त्यात तुझं काही चुकलं नाही. चौतीस वर्षांच्या मुलीचं कपाट बापानं उघडू नये. पण मुद्दाम उघडलं नव्हतं गं. रूमच्या कागदपत्रांना रेशनकार्डाची झेरॉक्स हवी होती. कार्ड तुझ्या फायलीत, फाइल त्या जाड इंग्रजी पुस्तकाखाली. पुस्तक उचललं आणि आतून लॅबचा कागद खाली पडला. नाव तुझं. तारीख मार्चची. तू गेलीस सप्टेंबरात.

आज त्यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. तुझी खुशाली विचारायला हे पत्र आहे. थंडी किती पडते? भाजणी पोचली का नीट? आई रोज विचारते आणि रोज मी सांगतो की पोचली असणार. खोलीत हीटर आहे म्हणालीस, तो झोपताना चालू ठेवत असशील तर खिडकी किंचित उघडी ठेव.

तुझ्या त्या इमारतीचा फोटो मी सगळ्यांना दाखवला. केपेल स्ट्रीटवर, गॅलऱ्यांना सोनेरी डास आणि पिसवा बसवलेल्या. लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन, हे नाव मी पाठ केलंय, न अडखळता म्हणतो. जाधवला म्हटलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बस चालवायचो तेव्हा तुला तो खांद्यावर घेऊन डेपोत फिरवायचा. "वरच्या डेकवर पहिल्या सीटवर बसणारी पोर तिकडं शिकवणार?" म्हणाला. मी सांगितलं, अजून शिकतेय, पीएचडी करतेय, नंतर शिकवेल. खरं तर मलाही सांगताना गळा दाटला होता.

त्याच संस्थेत जेरी मॉरिस प्रोफेसर होते, हे तूच सांगितलेलं. सार्वजनिक आरोग्याचं ते एमपीएच करत होतीस तेव्हा. मी भाकरी खात होतो आणि तू ओट्याला टेकून उभी होतीस. "अण्णा, तुमच्यावर पेपर लिहिलाय लंडनमध्ये, १९५३ साली," म्हणालीस. मला वाटलं थट्टा. मग तू सगळं सांगितलंस. लंडनच्या डबलडेकरवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर, एकतीस हजार माणसं. घरं तशीच, पगार साधारण सारखा, गाडी एकच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरला हृदयविकार जास्त, आणि जिने चढउतार करत तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरला कमी. त्यातून झालाच तर सौम्य. पोस्टातही तेच निघालं, पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन एकीकडे आणि खुर्चीतले कारकून दुसरीकडे. व्यायामानं हृदय वाचतं हे तोवर कुणी असं मोजून दाखवलं नव्हतं.

मी तेव्हा म्हटलं होतं की आमच्याकडे डबलडेकरला दोन कंडक्टर असत, एक वर, एक खाली. लंडनवाल्याइतकी चढउतार आमच्या कंडक्टरला नव्हती. तू वही काढून ते लिहून घेतलंस. मी सांगितलेली गोष्ट माझ्या मुलीनं अभ्यासाच्या वहीत उतरवून घेतली, हे मी अजून विसरलेलो नाही.

आणि तो गणवेशाचा भाग. मॉरिसच्याच माणसांनी नंतर, १९५६ साली, शिंप्याकडची मापं काढली. ड्रायव्हरच्या पँटची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी निघाली, आणि तीही नोकरीला लागल्यापासूनच. म्हणजे सगळं खापर सीटवर फोडता येत नाही, माणसं आधीपासूनच वेगळी होती. तू हे सांगितलंस तेव्हा मी नुसता हसलो होतो. आज ते फार आठवतं. भरती झालो तेव्हा माझी कंबर ३० होती. ॲटॅक आला त्या दिवशी ३२. तंबाखूला कधी हात लावला नाही, दारू नाही, गळ्यात माळ. तरी ४७ व्या वर्षी झाला. इतकी वर्षं मी सीटला दोष देत आलो, इंजिनाच्या उष्णतेला, कॅण्टीनच्या वड्याला.

ते २००९ साल. तुझी बारावी. सकाळपासून जबडा दुखत होता, मला वाटलं दाढ. दुसऱ्या फेरीला घाम सुटला, हात जड झाला. वरखाली मिळून गाडीत सत्तरेक माणसं असतील. नाक्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि गाड्या सोडणाऱ्या स्टार्टरला निरोप धाडला. जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी जाधवनं आणि तुझ्या आईनं टॅक्सीत घातलं म्हणून आज हे लिहितोय. तू वॉर्डाच्या दाराशी केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसलेली. पान उलटत नव्हतीस, ते मला खाटेवरून दिसत होतं.

पण खरी गोष्ट त्याच्या तीन वर्षं आधीची आहे. शरदकाका. गणपतीची आरती झाली, पडवीत भिंतीला टेकून बसला, आणि उठलाच नाही. ४१ वर्षांचा. गावात म्हणाले, वारं लागलं. मी तेव्हा ४४ चा होतो. त्या दिवशी साखरप्याच्या घरात एवढी माणसं होती, त्यातलं एक जरी म्हणालं असतं, "तू त्याचा सख्खा भाऊ, तुझं रक्त तपासून घे"! कुणी म्हणालं नाही आणि मलाही सुचलं नाही. तेरावं झालं आणि मी ड्यूटीवर परत आलो.

म्हणून तुला म्हणतोय. बघ, आलोच परत तिथं.

एकूण कोलेस्टेरॉल २९८, त्यातलं वाईट, ते एलडीएल, २२६. वैशू, तू हे दिवसभर आकडेवारीत बघतेस. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर त्या माणसाला तू गप्प बसू दिलं असतंस का? मार्चपासून सप्टेंबर म्हणजे सहा महिने. त्यात तू माझ्या गोळ्यांचे डबे भरून ठेवलेस, आईच्या बीपीची वही केलीस, मन्याशी सिगारेटवरून दोन दिवस बोलली नाहीस. आणि स्वतःचा कागद पुस्तकात! निखिलला तरी सांगितलंस का?

रागावून लिहिलं गेलं. खोडत नाही, खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील. माफ कर.

शुक्रवारी माझी ओपीडी होती. डॉक्टरीणबाईंना मी तुझा आकडा तोंडी सांगितला, नाव सांगितलं नाही, "माझी मुलगी" एवढंच. त्यांनी पेन ठेवलं. घरात आणखी कुणाला लहान वयात झालं का, विचारलं. शरदचं सांगितलं. मग म्हणाल्या, "काका, मोजे काढा." टाचेच्या वरची ती जाड शीर असते ना, ती त्यांनी चिमटीत धरून पाहिली. मी सांगितलं, क्लच दाबून दाबून तशी झालीय, जुने सगळे ड्रायव्हर तसेच. त्या म्हणाल्या, "क्लचला डावा पाय लागतो. उजवा दाखवा." उजवाही तसाच.

तेव्हा मला आजी दिसली. तुला आठवते का तिची टाच? लहानपणी तू तिच्या पायाशी बसून ती गाठ दाबायचीस आणि विचारायचीस, "आजी, आत खडा आहे का?" ती म्हणायची, लावणीला चिखलात उभं राहून राहून आलंय. पापण्यांवर पिवळट डाग होते, त्याला आम्ही वय म्हणायचो. ती ५८ व्या वर्षी गेली. पाठीत चमक आली म्हणत होती, सुंठ उगाळून लावली. चिखल नव्हता तो, क्लचही नव्हता. कोलेस्टेरॉल टाचेच्या त्या शिरेत साठत होतं. बाई म्हणाल्या, हे रक्तातून येतं, आईबापांतल्या एकाकडे असलं तरी प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. यकृताच्या पेशी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेतात, त्यांची ती ओढायची दारंच निम्मी कमी असतात. जन्मापासून. तुला हे माहीत आहे, तूच मला त्या दोन अमेरिकन डॉक्टरांचं, ब्राउन आणि गोल्डस्टीनचं सांगितलं होतंस, १९८५ चं नोबेल. तेव्हा ते माझ्याच घरातलं आहे हे मला कळलं नाही. तुला कळलं होतं का? मार्चनंतर तर कळलं असणारच. मला वाईट वाटेल म्हणून लपवलंस का? तसं असेल तर ऐक. मला वाईट वाटलंय. मी तुला रंग दिला, नाक दिलं, आणि हेही दिलं. पण ते मला कळल्याचं दुःख नाही, तू एकटीनं सहा महिने ते वागवलंस याचं आहे.

इंटरहार्ट या हृदयविकाराच्या मोठ्या अभ्यासाचं तुला मी काय सांगणार! बावन्न देशांतली माणसं, नऊ गोष्टी, आणि पुरुषांतला पहिल्या झटक्याचा ९० टक्के धोका त्यांत येतो, हे तूच फ्रीजवर चिकटवलं होतंस. आपल्याकडच्या माणसांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी, बाकीच्यांपेक्षा पाचसहा वर्षं आधी, तेही त्यातच होतं. त्या यादीत मी बोट ठेवत गेलो की सिगारेट नाही, साखर नाही, पोट नाही. चरबीवर बोट आलं की पुढं सरकवायचो. तू तसं करू नकोस. तू चालतेस, पालेभाजी खातेस, हे सगळं चांगलंच आहे, पण बाई स्पष्ट म्हणाल्या की या प्रकारात पथ्यानं थोडंच उतरतं, गोळी लागते. आणि उशीर करून चालत नाही, कारण मोजायचं ते आजच्या आकड्यावर नाही, किती वर्षं तो आकडा अंगात राहिला यावर. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे एका दिवसाच्या गर्दीनं बसत नाहीत. रोज थोडा भार जास्त झाला की काही वर्षांनी बसतात, आणि बसले की सरळ होत नाहीत.

२०१४ ला मी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती, आठवतं? तळमजल्यावरच्यांनी सांगितलं की यकृत जातं. तुला कळलं तेव्हा तू जेवणाचं ताट बाजूला ठेवून मला वही उघडून दाखवलीस. १९९४ चा स्कँडिनेव्हियातला अभ्यास, माझ्यासारखे हृदयाचे ४,४४४ रुग्ण, पाचेक वर्षं. खोट्या गोळीवाल्यांत २५६ गेले, खऱ्या गोळीवाल्यांत १८२. तू वजाबाकी करून लिहिलंस, ७४, आणि म्हणालीस, "अण्णा, ही ७४ माणसं घरी राहिली. तुम्ही त्यांच्यात राहा." त्या रात्रीपासून एक गोळी चुकवलेली नाही. जपानच्या एन्डो यांनी सहा हजारांवर बुरशी तपासल्या आणि तांदळावरच्या एका बुरशीत या जातीचं पहिलं औषध सापडलं, हे ऐकल्यापासून आई मला गोळी देताना "घ्या तुमचा तांदूळ" म्हणते.

आता एक गोष्ट, जी खरं तर आईनं लिहायला हवी. ती म्हणाली तुम्हीच लिहा. पुढं बाळाचा विचार असेल तर गोळी आधी थांबवावी लागते, डॉक्टरांना विचारून. त्यासाठीच तू थांबली असशील तर तसं सांग, आम्ही काही विचारणार नाही. पण तेही डॉक्टरांना विचारून ठरव, मनानं नको. तिकडे जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं असतं म्हणालीस. नोंदवलंस? कधीची वेळ मिळाली? अण्णांना ४७ व्या वर्षी, काकाला ४१ व्या वर्षी, आजीची टाच, हे तिघं सांगायला विसरू नकोस. आजीची टाच तर सांगच.

मन्याला मी शनिवारी लॅबमध्ये नेतोय. नाही म्हणत होता, मग त्याला शरदकाकाचा तो पडवीतला फोटो दाखवला. काही बोलला नाही, किती वाजता निघायचं एवढं विचारलं.

इथं जुन्या डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाल्या, तुला माहीत आहेच. तिकडे अजून धावतात. कंडक्टर नाहीत म्हणालीस, एकटा ड्रायव्हर. वरच्या डेकवर पहिल्या सीटवर बसलीस का? तिथून रस्ता कसा दिसतो ते कळव.

तुझा कागद होता त्याच पुस्तकात, त्याच पानात परत ठेवलाय. पण रेशनकार्डाबरोबर त्याची एक झेरॉक्स काढली, हे लपवून ठेवायचं नाही. बाई म्हणाल्या, कागद बघायला मिळाला तर बरं होईल. पुढची ओपीडी मंगळवारची. झेरॉक्स पाकिटात घालून चिकटवून ठेवलीय, आईलाही दाखवलेली नाही. तू हो म्हणालीस तरच नेईन. सोमवारी रात्रीपर्यंत फोन कर, तुझ्याकडे किती वाजलेत ते बघू नकोस, मी जागाच असेन.

तुझे,
अण्णा