होडी कधी विकणार, असं बाबांनी विचारलं होतं

विजयदुर्ग,
मे महिन्याची अखेर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारलं, "ती होडी विकतेस कधी?" आणि मी रेंज गेल्याचं सोंग करून फोन ठेवला. चुकलंच माझं. हे मला बोलून धड सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. विकणार नाहीये.

आधी लपवलेलं सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी तिच्यासकट उलटले होते. वाघोटनच्या खाडीत, ओहोटीला. खोल पाण्यात उलटली की सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, उभं राहून तिला सरळ करता येतं, मी ते दहादा केलंय. पण तिथे पाणी जेमतेम छातीभर. डोलकाठीचं टोक खाली चिखलात रुतलं आणि होडी पालथी अडकून बसली. पाग (फेकायचं जाळं) टाकायला आलेल्या दोघांनी दोर लावून ओढली तेव्हा सुटली. उलटल्यावर बुडू नये म्हणून आत हवेच्या पिशव्या असतात. त्यातली एक गळकी आहे हे मला आधीपासून माहीत होतं. पिशव्या नव्या घेतल्यात. लाइफ जॅकेटशिवाय जात नाही, एकटी तर जातच नाही. आई, आता रडू नकोस, जुनी गोष्ट झाली.

बाबा, तिला तुम्ही 'भंगार' म्हणता. ती एंटरप्राइज आहे. १९५६ साली जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने आखलेली जात, सव्वातेरा फूट लांब, शिडं निळी. आता बहुतेक फायबरच्या बनतात. माझी प्लायवुडची आहे आणि वयाने माझ्याहून मोठी. तुम्ही मुंबईत होतात तेव्हा, १९८२ च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती तिथल्या समुद्रात झाल्या होत्या. त्यात फारूख तारापोर आणि झरीर करंजियांनी फायरबॉल जातीच्या होडीत सुवर्णपदक जिंकलं. ती फायरबॉल म्हणजे हिची चुलत बहीण समजा. आमच्या मिस्त्रींना मात्र यातलं काही पटत नाही. "ही होडी न्हय गो, पेटी आसा," म्हणतात, आणि रंधा आणून देतात.

लोकांना वाटतं खारं पाणी लाकूड कुजवतं. मलाही वाटायचं. कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर पोसते. मीठ तिला मानवत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड असते, पण माझी होडी फिरून आली की ट्रॉलीवरून मांगरात, म्हणजे शेडमध्ये, जाते, तिला कीड लागायला वेळच मिळत नाही. हिला भीती आपल्या पावसाची. कौलातून एक थेंब ठिबकला तरी तो प्लायच्या कापलेल्या कडेतून आत शिरतो आणि चार महिने तिथेच मुरतो.

तेच झालं. मागच्या वर्षी ट्रान्समपाशी, म्हणजे अगदी मागच्या आडव्या फळीशी, रंगाला फुगा आला होता. मी आळसाने त्यावर दोन हात रंग मारून मोकळी झाले. या चैत्रात तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर पिकल्या केळ्यात जावा तसा आत गेला. ओल्या पोत्यासारखा वास. तळहाताएवढा भाग काढून टाकला, कडा तासून उतरत्या केल्या (जाडीच्या आठपट लांब उतार, नाहीतर सांधा धरत नाही) आणि मरीन प्लायचा तुकडा इपॉक्सीने (दोन भाग कालवायचा गोंद, उन्हात भराभर तापतो) बसवला. पहिल्यांदा दुपारी दीड वाजता इपॉक्सी कालवलं. डबा हातातच इतका तापला की मी तो अंगणात फेकला. नंतरचं सगळं काम पहाटे केलं. जुने पितळी स्क्रू काढले तर गुलाबी पडलेले. खारं पाणी पितळेतलं जस्त खातं आणि ठिसूळ तांबं उरतं. दोन तर बोटाने मोडले.

खर्च सगळा मिळून अकरा हजार झाला. आई, तुझ्या हिशोबाने त्यात एखादा छोटा दागिना आला असता, कबूल.

बाबा, आता तुमचं काम. लाकूड आतून कुजलंय का हे ठोकून कळतं. धडधाकट असलं तर टणटण वाजतं, कुजलेलं भद्द. मी अख्खी होडी ठोकून पाहिली, पण उजव्या कुशीला एक जागा आहे तिथे माझा कान ठरत नाही. झाडावरचा फणस पिकला की नाही ते तुम्ही दोन टिचक्यांत सांगता, मी आजवर एकदाही बरोबर सांगितलेलं नाही. एक जूनपासून मासेमारी बंद झाली की मिस्त्रींना सवड मिळेल. तुम्ही खूण केलीत तर मृगाआधी ते तेवढं उघडून बघतील. मग होडी पालथी घालून, ताडपत्री टाकून थेट नारळी पौर्णिमेपर्यंत झाकून ठेवायची. तळेऱ्यापर्यंत एसटीने या, तिथून मी गाडीने आणते.

आणि आई, मी दिलेल्या निळ्या कापडाची तू बाजाराची पिशवी शिवलीस ना, ते रेनकोटचं कापड नव्हतं. जुन्या फाटक्या शिडाचं होतं. पिशवी टिकली असेल तर घेऊन ये. सध्याच्या शिडाला एक वीतभर ठिगळ हवंय आणि त्या निळ्या रंगाचं कापड मला कुठे मिळत नाहीये. बंद तेवढे तू ठेव.

तुमची,
बेबी