सईच्या कॉलेजभेटीबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "विमानाचं तिकीट काढून बोलावलं त्यांनी, तर हो म्हणून मोकळे व्हा." सई शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता सविस्तर लिहिते. पोहण्याच्या संघासाठी सईला एका कॉलेजने बोलावलं होतं, तिथे आम्ही तिघं जाऊन आलो. कॉलेजचं नाव मात्र लिहीत नाही. सईची तशी ताकीद आहे, आणि आई, तुझ्या भिशीत ते दुपारपर्यंत पोचेल!

बाबा, तिकीट काढलं म्हणजे जागा दिली असं नसतं. ११वीच्या वर्षी १ ऑगस्टपासून कॉलेज आपल्या खर्चाने खेळाडूला दोन रात्रींसाठी बोलावू शकतं, सोबत घरच्या दोघांचं राहणं-जेवणही बघतं. पूर्वी मुलांना अशा पाचच भेटी मिळायच्या. २०२३मध्ये ती मर्यादा गेली, आता फक्त एका कॉलेजला एकदाच एवढा नियम उरलाय. म्हणजे त्यांनी आणखी मुली बोलावल्या असणारच, आणि आपल्यालाही आणखी दारं उघडी आहेत. आई, तू "म्हणजे मुलगी बघायचाच कार्यक्रम की" म्हणालीस ना? अगदी तसंच, फक्त इथे पोहे बघणाऱ्यांनी करायचे असतात.

गंमत म्हणजे तिथे सईला पोहायला कुणी सांगितलं नाही. खेळात सगळ्यात वरच्या पातळीच्या (डिव्हिजन वन) अशा कॉलेजांना चाचणी घ्यायला मनाईच आहे. तिच्या प्रत्येक शर्यतीची वेळ इंटरनेटवर असतेच, कोचला ती आमच्यापेक्षा पाठ होती. मग ते बघतात काय, तर पोरगी माणूस म्हणून कशी आहे. पहिल्याच जेवणाला कोचने सईला विचारलं, सरावाचा कंटाळा आला की काय करतेस? उत्तर दिलं तुमच्या जावयांनी! मी टेबलाखालून पाय मारला. पुढचे दोन दिवस त्यांनी मौनव्रत पाळलं, तेवढाही एक फायदा.

आम्ही जाण्याआधी सईकडून प्रश्न लिहून घेतले होते. कोचला विचारायचे वेगळे, मुलींना विचारायचे वेगळे. माझ्या मते सगळं सार दुसऱ्या यादीत होतं. कोच चांगला माणूस आहे, पण शेवटी त्याला संघ भरायचाय. सईला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचंय म्हटल्यावर तो म्हणाला, सगळं जमतं. सईने लगेच विचारलं, मग सध्या संघात ते करणारी कोण आहे, तिला भेटता येईल का? होती एक, तिसऱ्या वर्षाची. तिने वहीत आपलं वेळापत्रक काढून दाखवलं. पहाटे सव्वापाचचा गजर, सहाला पाण्यात, मग तास, दुपारी परत सराव. मंगळवारची लॅब नेमकी सरावाच्या वेळेवर यायची, म्हणून तिने ती उन्हाळ्यात वेगळी केली. नियमाने हंगामात आठवड्याला वीस तासच सराव घेता येतो, पण प्रवास आणि फिजिओकडचा वेळ त्यात धरत नाहीत. बोलताना तिच्या खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली होती. सईने तिला सरळ विचारलं, दुखापत झाली तेव्हा कोच कसे वागले? हा प्रश्न यादीत नव्हता, तिचा तिने काढला.

आई, रात्री ती होस्टेलवर संघातल्याच एका मुलीकडे राहिली. तुला काळजी वाटली, मलाही वाटली. दारूबिरूबद्दल कॉलेजचे लेखी नियम असतात, आणि झोपण्याआधी एक मेसेज करायचा हे आमचं ठरलं होतं. पण ती रात्र हवीच. रात्री अकरा वाजता मुली आपसात काय बोलतात, कोचला हसतात की घाबरतात, ते आपल्याला दिवसा कोण दाखवणार? जेवणाचंही तसंच. पोहणाऱ्या शाकाहारी मुलीच्या ताटात रोज काय पडतं, हे सईने मेसमध्ये स्वतः बघितलं. राजमा होता, टोफू होता, आणि चव आपण बोलू नये अशी.

आता पैशाचं. बाबा, तुम्ही नेहमी आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण देता. २०१०च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळालं, भारताला पोहण्यात चोवीस वर्षांनी पदक, आणि पुढे तो तहसीलदार झाला. आपल्याकडे आधी पदक, मग नोकरी. इथे सोळा-सतराव्या वर्षीच करार होतो: तू चार वर्षं पोह, आम्ही प्रवेश आणि फीचा काही भाग देतो. म्हणून अटी आधीच विचारायच्या. त्यात २०२५पासून, खेळाडूंनी केलेल्या दाव्यात कोर्टात झालेल्या तडजोडीने नियम बदललेत. ती मान्य केलेल्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादा गेली, पण पोहण्याच्या संघात जास्तीत जास्त तीसच जणी. त्यामुळे कोच हात राखून बोलतात. तो म्हणाला, "आम्हाला तू आवडलीस." छान. पण तोंडी शब्दाला किंमत नाही, सह्या १२वीच्या नोव्हेंबरात होतात. आम्ही तीन गोष्टी विचारल्या: रक्कम किती, ती वर्षाची की चार वर्षांची, आणि खांदा गेला तर काय? पहिल्या दोन्हींची उत्तरं मिळाली. तिसऱ्याला "कागद येईल तेव्हा बघू." हे मी सईसमोरच वहीत लिहून ठेवलं.

परतताना विमानतळावर तिला आवडलं का विचारायच्या आधी तिच्याकडून सगळं लिहून घेतलं. सगळीकडचे तलाव निळेच असतात, महिन्याभराने काही वेगळं आठवत नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका कॉलेजला जायचंय, आणि एक लहान कॉलेजही बघणार आहोत, जिथे खेळाची शिष्यवृत्तीच नसते पण पोरी मजेत पोहतात. सईचा कल अजून पहिल्याकडे आहे. माझा नाही, पण मी बोललेले नाही.

तेव्हा रविवारी ती फोन करेल तेव्हा बाबा, किती टक्के देतात ते विचारू नका. तुम्ही पाठीला डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकलात ते सांगा, तिला ते फार आवडतं. आणि पोहणं सोडावं लागलं तरी त्या कॉलेजात राहावंसं वाटेल का, एवढं एकदा विचाराच. आम्ही विचारलं की ती चिडते, तुमच्यावर चिडणार नाही.

फराळाचं पार्सल अजून पोचलं नाही, कुरिअरची पावती व्हॉट्सॲपवर पाठवा. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली की लगेच कळवा, मी त्याप्रमाणे रजा टाकते.

चि. सईचा शि. सा. न.

तुमची,
वैशाली