पात्र मेलं म्हणून रडणाऱ्यांना हसू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मालिकेतलं आवडतं पात्र मारलं म्हणून चॅनेलला शिव्या घालणाऱ्या प्रेक्षकांची आपल्या पुरवणीत एका लेखाने चांगलीच खेचली होती, 'यांना कामधंदे नाहीत' असा एकूण सूर. वाचून हसू आलं, खोटं कशाला बोलू, पण नंतर काही पटेना म्हणून हे लिहितेय.

हे काही आजच्या टीव्हीवाल्या लोकांचं खूळ नाही. 1893 च्या डिसेंबरात लेखक कॉनन डॉयलने आपल्याच डिटेक्टिव्हला, शेरलॉक होम्सला, स्वित्झर्लंडच्या धबधब्यात संपवलं तेव्हा या गोष्टी छापणाऱ्या लंडनच्या स्ट्रँड मासिकाची वर्गणी हजारो लोकांनी बंद केली, लेखकाला संतापलेली पत्रं गेली (लोकांनी काळ्या फिती बांधल्या असंही सांगतात, पण त्याला धड पुरावा नाही). डॉयल होम्सला कंटाळलेला, त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. शेवटी 1903 मध्ये एका अमेरिकन मासिकाने भक्कम पैसे दिले आणि होम्स परत आला, म्हणे तो दरीत पडलाच नव्हता! वाचक खूश. पण त्याच गोष्टीत होम्सचा जोडीदार डॉक्टर वॉटसन याची बायको गेल्याचं जेमतेम एका वाक्यात, तेही नाव न घेता उरकलंय, दुःखावर काम हाच उतारा असं होम्स त्याला ऐकवतो आणि लगेच कामाला जुंपतो. मला तर हेच जास्त लागलं.

पुढे 1918 च्या ऑक्टोबरात डॉयलचा मुलगा किंग्जली गेला, पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत जखमी झालेला, त्यात फ्लूची साथ आली आणि न्यूमोनिया झाला. काही महिन्यांत भाऊही न्यूमोनियानेच गेला. मेलेल्यांशी बोलता येतं यावर डॉयलचा आधीच विश्वास होता, आता तो त्यात पुरता बुडाला, अंधाऱ्या खोलीत बसून मुलाचा आवाज ऐकला असं सांगायचा, देशोदेशी व्याख्यानं देत फिरायचा, जादूगार हुडिनीशी असलेली दोस्तीसुद्धा यावरून तुटली. डॉयलच्या बायकोने हुडिनीच्या मेलेल्या आईचा 'निरोप' लिहून काढला तो इंग्रजीत, आणि त्या माउलीला इंग्रजी धड येतच नव्हतं! पुराव्याशिवाय न बोलणारा डिटेक्टिव्ह ज्याने घडवला त्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

आमच्याकडे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली तरी लाईट बिल त्यांच्याच नावाने येतं. मी फॉर्म आणला की आई म्हणते, "राहू दे की, बिल भरतोय ना आपण, लाईट काय बंद होतेय का?" यावर नातेवाईक 'मूव्ह ऑन करायला शिका' म्हणतात तेव्हा डोकंच फिरतं, अहो फॅमिली पेन्शन तिने स्वतः हेलपाटे घालून सुरू करून घेतली, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देते, गॅस नावावर करून घेतला, एवढं एक राहिलंय तर राहू दे.

मालिकावाल्यांना मात्र सांगणं आहे, लोक ओरडले म्हणून मेलेल्याला प्लास्टिक सर्जरी करून परत आणू नका, ती सरळ चीटिंग आहे. आणि मारायचंच असेल तर घरातल्यांना दोन-चार एपिसोड धड रडू तरी द्या, इथे तेराव्याच्या आधीच नव्या लग्नाची गडबड सुरू होते आणि बघणाऱ्यालाच वाटतं आपण वेडे.

— आपली एक वाचक, सांगली