गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या पोराची गाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तैवानवर दोन पानं होती. चिपांचे कारखाने, सामुद्रधुनी, लढाऊ विमानं, सगळं अभ्यासून लिहिलेलं. तिथल्या गाण्यांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं, आणि तेही असं की चिनी भाषेतलं पॉप संगीत म्हणजे बव्हंशी कोरियन पॉपची नक्कल. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून हे पत्र, तिथल्या जोनाथन ली या गायकाच्या गाण्यांबद्दल. थोडं लांबेल, पण कृपा करून पूर्ण वाचावं.

मी सहा वर्षं तैवानातल्या शिंचू गावी नोकरी केली. चिपांच्या चाचणीची यंत्रं लावणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम होतं. पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत एक माणूस मोटारसायकलवर मागे टाक्या बांधून गॅस पोचवायला यायचा. तिथे जुन्या चार-पाच मजली इमारतींना लिफ्ट नसते. तो टाकी खांद्यावर घेऊन जिना चढायचा. तैवानी मंदारिनमध्ये, म्हणजे तिथल्या चिनी भाषेत, गॅसला ‘वास्स’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द पहिल्यांदा ऐकताना दचकायलाच होतं. मी खिडकीत उभी राहून त्या माणसाकडे बघत राहायचे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सव्वीस वर्षं नाशिक रोडला हेच काम करत होते. सायकलला दोन्ही बाजूंनी हूक, हुकाला टाक्या, खांद्यावर गोणपाटाची चुंबळ, खिशात वायसर. जेल रोड, उपनगर, प्रेसच्या कॉलन्या. दिवाळीच्या आठवड्यात रात्री दहाला घरी यायचे.

आमच्या विभागातले एक ज्येष्ठ तंत्रज्ञ मला खिडकीशी असं उभं बघायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कारण विचारलं आणि मी सांगून टाकलं. तोवर मी ते तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं तर इथेही कुठे सांगितलं होतं? इंजिनिअरिंगच्या प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘खासगी नोकरी’ असं लिहिलं होतं. त्या तंत्रज्ञांनी डबा बाजूला सारला, फोन काढला आणि म्हणाले, हे ऐक, आमच्या ‘ता-ग’चं आहे. ता-ग म्हणजे मोठा भाऊ, आपल्याकडे आपण दादा म्हणतो तसंच. सगळं तैवान ज्याला या नावाने ओळखतं तो गायक म्हणजे ली त्सुंग-शेंग. इंग्रजी नाव जोनाथन ली.

१९८६ साली आलेल्या त्याच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममधलं ते गाणं होतं. त्या तंत्रज्ञांनी ओळीमागून ओळ मला इंग्रजीत सांगितली. मी गॅसच्या दुकानदाराचा मुलगा, असं तो सुरुवातीलाच सांगतो. स्वतः कमावून दाखवेपर्यंत वडील मला टाक्या पोचवायला लावत. दुपारी धंदा थंड असला की नव्या वसाहतींत जाऊन विजेच्या खांबांवर दुकानाच्या फोन नंबरच्या पाट्या बांधायच्या. टाकी खांद्यावर घेऊन रात्रीच्या बाजारातल्या घाण पाण्यातून वाट काढायची. पहिल्यांदा टीव्हीवर गायला, त्यानंतरही वर्षभराहून जास्त काळ हे चालूच होतं. इतकंच. त्यात कुठे गळा काढलेला नाही, की बघा मी कुठून कुठे आलो असा टेंभाही मिरवलेला नाही. बोलता बोलता गायल्यासारखं गाणं. माझ्यासमोरचा डबा तसाच राहिला. अर्जातल्या एका रकान्यात मला जे लिहिता आलं नाही, ते या माणसाने आपल्या पहिल्याच अल्बमवर नाव-गावासकट गाऊन ठेवलं होतं.

पुढे सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम बेइतौला गेले. तैपेईच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, गरम पाण्याच्या झऱ्यांचं हे गाव. मेट्रोतून उतरलं की गंधकाचा वास येतो. जपानी राजवटीत तिथे स्नानगृहं आणि खानावळी उभ्या राहिल्या. तिथे पाहुण्यांच्या फर्माइशी वाजवणाऱ्या वादकांची एक परंपराच या गावात होती. अशा गावात १९५८ साली ली जन्मला. चढाच्या गल्ल्या, अरुंद जिने. त्या गल्ल्यांतून मी दोन तास चालले. पाठीवर काही नव्हतं, तरी पोटऱ्या भरून आल्या.

अभ्यासात तो कधी चमकला नाही. शिंचूजवळच्या मिंगशिन तंत्रविद्यालयात होता, पण ते शिक्षण पुरं झालं नाही. ते विद्यालय माझ्या रोजच्या रेल्वेवाटेवर, शिनफेंग स्टेशनजवळ. आता त्याचं विद्यापीठ झालंय. कधी गाडीतून त्या बाजूला बघताना वाटायचं, इथे वर्गात मागे बसून तो गिटारच वाजवत असणार.

त्याचा काळ समजून घेतल्याशिवाय नकलेचा तो आरोप किती पोकळ आहे ते कळत नाही. सत्तरच्या दशकात तैवानातली तरुण मुलं इंग्रजी गाणीच गात. १९७६ साली तामकांग विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात ली श्वांग-त्झ नावाचा चित्रकार-गायक हातात कोका-कोलाची बाटली घेऊन मंचावर आला. जगात कुठेही गेलो तरी हीच बाटली आणि हीच गाणी, मग आपली स्वतःची गाणी कुठे आहेत, असा त्याचा सवाल होता. त्या सवालामुळे आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या इतर प्रयत्नांमुळे कॉलेजातली मुलं स्वतःच लिहून, स्वतःच चाल लावून गाऊ लागली. तेव्हा तैवानात लष्करी कायदा होता, १९४९ पासून थेट १९८७ पर्यंत, आणि गाणीसुद्धा सरकारी तपासणीतून जात. १९८२ मध्ये वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या लो ता-यू याने काळे कपडे, काळा चष्मा घालून समाजावर थेट बोट ठेवणारा अल्बम काढला. ली याच लाटेतला. आधी मित्रांबरोबर ‘लाकडी गिटार’ नावाच्या गायकांच्या गटात, मग रॉक रेकॉर्ड्स या तैवानी कंपनीत निर्माता. हे सगळं ऐंशीच्या दशकातलं आहे. कोरियातल्या आयडॉल गटांचा मोठा कारखाना उभा राहिला तो नव्वदच्या दशकात. मुलगा बापाच्या आधी कसा जन्मेल?

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्याने बायकांसाठी लिहिलेल्या गाण्यांबद्दल. १९८५ मध्ये अभिनेत्री-दिग्दर्शिका सिल्व्हिया चांग हिच्याबरोबर त्याने एक अल्बम केला. त्याच्या नावात ‘मांग’ हा शब्द दोनदा येतो. एका मांगचा अर्थ कामात बुडालेला, दुसऱ्याचा आंधळा. उच्चार एकच, सूरही एकच, फक्त चित्राक्षर वेगळं. शहरात नोकरी करणाऱ्या बाईचा दिवस, फोन, घड्याळ, धावपळ, आणि या धावपळीत स्वतःलाच दिसेनाशी झालेली ती. शिंचूत बारा तासांची पाळी करून मी खोलीवर यायचे तेव्हा हे गाणं मला माझंच वाटायचं. आपल्या भावगीतांतली बाई वाट बघते, रुसते, आठवणी काढते. ती गाणी मला प्राणाहून प्रिय आहेत. पण ऑफिसातून दमून आलेली बाई मला त्यांत फारशी भेटली नाही.

१९८९ मध्ये गायिका सारा चेनसाठी त्याने स्वप्नातून जागं होण्यावरचं एक गाणं लिहिलं. ज्या अल्बममध्ये ते आहे, तो तैवानात दहा लाखांवर खपलेला पहिला अल्बम मानला जातो. ‘वावा’ या नावाने गाणाऱ्या गायिकेची गोष्ट तर मी किती जणांना ऐकवली असेल. तैवानच्या लोकांना १९८७ च्या अखेरीस मुख्य भूमीवर, म्हणजे चीनमध्ये, जायची मोकळीक मिळाली. त्यानंतरच्या वर्षांत तिचा जीव तिकडच्या कुणावर तरी जडला होता. नूडल्सच्या दुकानात बसून तिने ते सगळं ली याला सांगितलं आणि त्याने तिथल्या तिथे कागदी रुमालावर शब्द उतरवले, असं सांगतात. अर्ध्या वर्षाची बचत खर्चून समुद्रापार तुला भेटायला येते, भेटीत श्वास कसा घ्यायचा याचीसुद्धा तालीम करते, असं ते गाणं. दिवाळीत मुंबईचं तिकीट काढण्यासाठी पैसे साठवताना मी दर महिन्याला ते ऐकायचे. मला भेटायचं होतं ते आई-दादांना. पण गाण्याला त्याचं काही नव्हतं.

चिनी दिग्दर्शक चेन कायगे यांच्या ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाईन’ला १९९३ साली कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांमधून हा चित्रपट पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. त्याचं शीर्षकगीत लीचंच, गायिका सँडी लॅमबरोबर गायलेलं. पुढे दोघांचं लग्न झालं आणि २००४ मध्ये ते वेगळे झाले. त्याबद्दल तिकडच्या वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. मी ते इथे उगाळणार नाही.

आवाज म्हणाल तर तो गोड नाही, थोडा खरखरीत आहे. मंदारिनमध्ये सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि गाण्याची चाल तर हे बोलीतले सूर पुसूनच टाकते. लीची चाल बोलण्याच्या इतकी जवळ राहते की ऐकणाऱ्याला शब्द हाताशी लागतात. आपण ज्याला शब्दप्रधान गायकी म्हणतो ती हीच, असं माझं ठाम मत आहे. माझी मंदारिन कामचलाऊ होती, तरी त्याची निम्मी गाणी मला समजायची. बाकीच्या गायकांच्या बाबतीत तसं कधी झालं नाही.

नव्वदच्या दशकानंतर तो मागे सरकला. हाताने गिटारी बनवायला शिकला आणि त्याची कार्यशाळा काढली. तीस वर्षांत आपली तीनशेसुद्धा गाणी झाली नाहीत, असं त्याने स्वतःच एका जाहिरातपटात सांगितलं आहे. त्यात तो लाकूड तासताना दिसतो. २०१३ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्याने टेकडीवरचं गाणं आणलं. ते पुरं व्हायला दहाएक वर्षं लागली म्हणतात. आयुष्यभर धापा टाकत टेकडी ओलांडावी आणि पलीकडे वाट बघणारं कुणीच नसावं, असा त्याचा आशय. २०१४ च्या गोल्डन मेलडी या तैवानच्या संगीत पुरस्कारांत ते वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं, गीतलेखनाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. त्या वर्षी शिंचूच्या प्रत्येक केटीव्हीत, म्हणजे मित्रमंडळींनी खोली भाड्याने घेऊन गायच्या ठिकाणी, ते ऐकू यायचं. आमचे ते तंत्रज्ञ निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांनी तेच गायलं. सूर लागत नव्हता, पण कुणीही मधे बोललं नाही.

२०१८ मध्ये त्याचं आणखी एक गाणं आलं. तोवर मी नाशिकला परत आले होते. साठीचा मुलगा आपल्या बापाबद्दल लिहितो. आई सतत काळजी करायची, बाप मात्र काहीच घडलं नसल्यासारखा बाजूला उभा राहून बघणारा. दोघांनाही समोरच्याने समजून घ्यायला हवं होतं, दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि हा हिशोब मांडायला मुलाला म्हातारपण यावं लागलं. ज्या दुकानदाराने त्याला टाक्या वाहायला लावल्या त्याच बापाला, बत्तीस वर्षांनी, लिहिलेलं हे जणू उत्तर आहे. १९८६ चं ते गाणं आणि हे गाणं लागोपाठ ऐकावं असं मी सगळ्यांना सांगते.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. पुरवणीत पुन्हा तैवान आलं तर एक पान अशा गाण्यांना द्या. दोन-तीन गाण्यांचा आशय नीट मराठीत सांगणारं कुणीतरी शोधा. मंदारिन शिकलेली मराठी मुलं पुण्यात आहेत, तैवानात राहून आलेली माझ्यासारखी माणसंही आहेत. एका वाक्यात निकाली काढावं असं ते संगीत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी ही दोन्ही गाणी दादांना ऐकवली. आता त्यांचे गुडघे गेलेत, जिन्याचं नाव काढत नाहीत. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. रात्रीच्या बाजारातलं घाण पाणी आलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, तिकडची टाकी किती किलोची? म्हटलं, घरातली वीस किलोची असते, आपली चौदा पॉइंट दोन. रिकाम्या टाकीचं वजन त्यांनी मनातच धरलं असावं. मग अर्जातल्या त्या रकान्याबद्दल मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, त्या पोराचं ते पहिलं गाणं परत लाव, आणि चुंबळ वापरायचा का ते नीट ऐकून सांग.

आपली एक नियमित वाचक,
नाशिक रोड