कोराडीने वाचवलेले पाणी कुणाच्या नावावर?

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

जुलै २०१९ मध्ये नागपूरच्या नळांना दिवसाआड पाणी येऊ लागले. भर पावसाळ्यात शहराला पाणी देणारे पेंच नदीवरचे तोतलाडोह धरण रिकामे होते, आणि वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण उभे राहिल्यानंतर पेंचचा पूर्वीचा येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, गृहीत धरता येणार नाही, हे या शहराला तेव्हा नीट कळले. आमच्या गच्चीवर त्या वर्षी आणलेले दोन पिंप अजून तिथेच आहेत. तरीही शहराला दिवसाआड का होईना पाणी मिळत होते. याच पेंचच्या भरवशावर पारशिवनी, रामटेक, मौदा या तालुक्यांत धानाची रोवणी होते, आणि तिथे दिवसाआडची सोय नसते. पिण्याच्या पाण्याचा मान पहिला, त्याबद्दल दुमत नाही. मात्र वाढत्या शहराची आणि उद्योगांची गरज नेमकी कुणाच्या पाण्याच्या पाळीतून भागवली जाते, हे सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने मांडले गेले पाहिजे.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर नागपूरने स्वतःच शोधले आहे. शहराच्या सांडपाण्यावर भांडेवाडीत प्रक्रिया होते आणि दररोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या तेथील केंद्रातून ते पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते. वीज केंद्रातील वाफ थंड करण्यासाठी धरणातले निवळशंख पाणी लागत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणानेही सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. हे काम नागपूरच्या अभिमानाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

उरलेले अर्धे उत्तर हिशेबाचे आहे आणि ते आपल्या खात्याच्या हाती आहे. भांडेवाडीचे हे केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले तर सुमारे ४७ दशलक्ष घनमीटर पाणी होते, म्हणजे ४,७०० हेक्टर शेतात मीटरभर उभे राहील एवढे. उद्योगाने प्रक्रिया केलेले पाणी घेतले की त्याचे धरणातले बिगर सिंचन आरक्षण, म्हणजे शेतीखेरीज वापरासाठी राखून ठेवलेले पाणी, तेवढ्याने लेखी कमी झाले पाहिजे आणि ते पाणी सिंचनाच्या नावावर चढले पाहिजे. तसे झाले नाही, तर वाचलेले पाणी पुढच्या एखाद्या मागणीत गुपचूप मुरेल आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला त्यातला थेंबही लाभणार नाही. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची व्यवस्था केलेलीच आहे. हे वाचलेले पाणी त्या संस्थांच्या कोट्यात घनमापाने दाखवता येईल.

उद्योग वाढावेत, बुटीबोरी आणि हिंगण्यात आमच्या मुलांना काम मिळावे, असे आम्हालाही वाटते. म्हणूनच नव्या कारखान्याला धरणातले पाणी मंजूर करण्याआधी प्रक्रिया केलेले पाणी का पुरत नाही, याचे कारण नोंदवणे सक्तीचे करावे. वैनगंगेचे पाणी पश्चिम विदर्भाकडे नेणाऱ्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी मिळाली, त्याचे स्वागत आहे. पण चारशेहून अधिक किलोमीटरचा तो मार्ग पूर्ण व्हायला काळ जाईल, आणि आज नाग नदीत प्रक्रियेविना सोडलेला प्रत्येक लिटर कन्हानमार्गे वैनगंगेत उतरून त्याच गोसीखुर्दच्या जलाशयात जातो, जिथून पुढे हे पाणी न्यायचे आहे.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल. त्या वेळी पेंच प्रकल्पाचे मंजूर आरक्षण, प्रत्यक्ष उचल, त्याऐवजी वापरलेले प्रक्रिया केलेले पाणी आणि त्यामुळे शेतीकडे वळलेले पाणी, असा वर्षवार तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवावा, एवढी नम्र विनंती.

आपला,
नागपूरचा एक रहिवासी