ईशनिंदेच्या बातम्या चार ओळीत संपवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाकिस्तानात ईशनिंदेच्या आरोपावरून जमावाने कुणाला मारलं की आपल्या पेपरात आतल्या पानावर छोटी चौकट येते आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. या कायद्यांनी तिथल्या पेपरवाल्यांची काय अवस्था केलीय ते मात्र कधी वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

पेशावरचा 'फ्रंटियर पोस्ट' घ्या. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी ईमेलने आलेलं एक पत्र छापलं, हो, वाचकांच्या पत्रव्यवहारातच, जिथे मी आत्ता लिहितेय. त्यात पैगंबरांबद्दल आक्षेपार्ह मजकूर होता. पेपरने माफी मागितली तरी जमावाने त्यांचा छापखाना पेटवला, कर्मचाऱ्यांना अटक झाली, पेपर बंद पडला आणि २००३ मध्ये एका उपसंपादकाला जन्मठेप झाली. पत्र लिहिणारा वेगळाच कुणीतरी, शिक्षा मात्र डेस्कवर बसून काम करणाऱ्याला!

आणि बातमी द्यायची म्हटली तरी देणार कशी? पैगंबरांच्या अपमानाबद्दलचं २९५-सी हे तिथल्या दंडसंहितेतलं कलम लष्करशहा झिया उल हक यांच्या काळात १९८६ ला आलं, त्यात फाशी आहे, आणि आरोपी नेमकं काय बोलला हे छापलं तर छापणाराच अडकतो. ईशनिंदेचा आरोप झालेली ख्रिश्चन शेतमजूर आसिया बीबी २००९ पासून जेलमध्ये, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सोडलं, तोपर्यंत तिथल्या साध्या वाचकाला बाई काय बोलल्याचा आरोप आहे हेच पेपरातून धड कळत नव्हतं. मग अफवा पसरणार नाही तर काय होणार? आजपर्यंत या कलमाखाली सरकारने एकालाही फासावर दिलेलं नाही, माणसं मारली ती जमावाने आणि माथेफिरूंनी. मर्दानच्या विद्यापीठात २०१७ मध्ये ठेचून मारलेला मशाल खान तर पत्रकारितेचाच विद्यार्थी होता.

हे एकट्या पाकिस्तानचं नाही. इंडोनेशियात 'मॉनिटर' साप्ताहिकाने १९९० मध्ये आवडत्या व्यक्तींचा वाचकांचा कौल छापला, त्यात पैगंबर अकराव्या नंबरवर आले, संपादकाला पाच वर्षांची शिक्षा. जॉर्डनमध्ये २००६ ला डेन्मार्कच्या पेपरातली पैगंबरांची व्यंगचित्रं छापली म्हणून जिहाद मोमानी या संपादकाला अटक झाली.

आपल्याकडे लोक लगेच म्हणतात की 'ते लोक असेच', याचा मला मनापासून राग येतो. या कायद्याविरुद्ध जीव देणारे कोण आहेत ते बघा ना. पाकिस्तानातल्या पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. मुलतानचे वकील राशिद रहमान हे ईशनिंदेचा आरोप असलेल्या जुनैद हाफिज या लेक्चररची केस लढत होते, त्यांना भर कोर्टात धमकी मिळाली आणि मे २०१४ मध्ये ऑफिसमध्ये घुसून मारलं. दोघंही मुसलमान. जुनैद २०१३ पासून जेलमध्ये आहे, २०१९ ला फाशी सुनावली, अपील वर्षानुवर्षं पडून.

शिवाय मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं २९५-ए हे कलम १९२७ ला इंग्रजांनी अखंड भारतात आणलेलं, ते आपल्याकडेही राहिलं, आता न्याय संहितेत २९९ म्हणून आहे. २०१५ मध्ये 'अवधनामा' या उर्दू पेपरच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी 'शार्ली एब्दो' या फ्रेंच व्यंग साप्ताहिकाचं पैगंबरांचं चित्र असलेलं मुखपृष्ठ छापलं, माफीही मागितली, तरी याच कलमाखाली केसेस, अटक, आणि आवृत्ती बंद झाली ती झालीच. आपल्या मुंबईतल्या संपादक होत्या त्या, त्यांच्या बाजूने किती मराठी पेपर उभे राहिले?

तेव्हा माझी विनंती एवढीच, या केसेसचा पाठपुरावा करा. आरोप कुणी केला, जमिनीचं किंवा जुनं भांडण होतं का, वकील मिळाला का, तारीख कधी, हे सगळं लिहा. आपल्याला लिहिता येतं, तिथल्या पत्रकारांना येत नाही.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा